वडिलांच्या पानाशेजारचा पेला

मी आयुष्यात कधी दारू प्यायलो नाही, पण वर्षातून एकदा ती विकत आणायचो. पितृपंधरवड्यात, वडिलांच्या तिथीला. आमच्यात गेलेल्या माणसासाठी केळीच्या पानावर सगळा स्वयंपाक वाढतात आणि त्याला जे आवडायचं ते पानाशेजारी ठेवतात. कुणाच्या पानाशेजारी तंबाखूची पुडी असते, कुणाच्या चहाचा कप. माझ्या वडिलांच्या पानाशेजारी दारूचा पेला असायचा. ज्या आत्याने मला लहानाचं मोठं केलं तिने ही रीत घातली आणि मी संसाराला लागल्यावर ती माझ्या गळ्यात आली. दारूच्या नुसत्या वासाने मला मळमळतं. तरी दर वर्षी तोंड वाकडं करून एक क्वार्टर आणायचो, पेल्यात थोडी ओतायचो, पान कावळ्यासाठी गच्चीत ठेवायचो आणि उरलेली दारू मोरीत ओतून वरून भसाभसा पाणी सोडायचो. वडील दारूपायी गेले होते. त्यांना तिकडेही तीच पाजायची हे काही मला पटत नव्हतं, पण पितरांशी वाद कोण घालणार.

गेल्या वर्षी वाइन शॉपच्या काउंटरवर गेलो तर तिथल्या माणसाने मी तोंड उघडायच्या आत बाटली काढून ठेवली. वर म्हणाला, "नेहमीचीच ना, काका?" वर्षातून एकदा उगवणाऱ्या गिऱ्हाईकाला हा मनुष्य नेहमीचा म्हणतो कसा, हे मला कळेना. बाटली पिशवीत टाकून बाहेर आलो, स्कूटरच्या आरशात पाहिलं आणि उलगडा झाला. त्याने मला ओळखलेलं नव्हतं. माझं नाक पाहून त्याने आपला अंदाज बांधला होता.

नाकाबद्दल सांगायला हवं. चाळिशी ओलांडली तेव्हा गरम चहा प्यायल्यावर किंवा मिसळ खाल्ल्यावर माझं नाक आणि गाल लाल व्हायचे. थोड्या वेळाने उतरायचे. पुढे उतरेनासे झाले. मग नाकावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, पुटकुळ्या यायला लागल्या, छिद्रं मोठी होऊन सगळं नाक संत्र्याच्या सालीसारखं दिसायला लागलं. त्यानंतर ते वाढायलाच लागलं. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचं पोट वाढतं, टक्कल वाढतं, पण नाक वाढतं हे मी कधी ऐकलं नव्हतं. शेंड्याकडची कातडी जाड झाली, एका बाजूला गाठीसारखा फुगवटा आला, आणि चष्मा जागेवर बसेना. चष्मेवाल्याकडून दोनदा फ्रेम सैल करून घेतली. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, की काका, फ्रेममध्ये आता आणखी जागा नाही, नाकाकडूनच काही करून घ्या.

बुधवार पेठेत माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं छोटं दुकान आहे. चार्जर, दिवे, बटणं, वायरी. या पेठेत गिऱ्हाईक माल कमी घेतं आणि मत जास्त देतं. नाकाबद्दल प्रत्येकाकडे एक उपाय होता. उष्णता आहे, सब्जा घ्या. गुलकंद खा. वाफारा घ्या. मी सगळं केलं. वाफाऱ्याने तर चेहरा असा पेटायचा की डोक्यावरचा टॉवेल फेकून द्यावासा वाटायचा, पण लोक म्हणायचे, बघा, उष्णता बाहेर पडतेय. शेजारच्या औषधवाल्याने एक ट्यूब दिली. ती लावली की दोन दिवसांत लाली गायब, आणि बंद केली की दामदुपटीने हजर. म्हणून मी ती बंदच केली नाही. ट्यूब संपली की दुसरी. औषधवाला मित्र असल्याचं मला कोण कौतुक होतं.

टोमणेही होतेच. एक गृहस्थ बिघडलेला चार्जर परत घेऊन आले आणि माझ्या नाकाकडे पाहत म्हणाले, की काल देताना जरा जास्त झाली होती का? मी म्हटलं, चार्जर मी पूर्ण शुद्धीत दिलाय, आपण तो कुठल्या अवस्थेत लावलात ते आपल्याला माहीत. ते गेले. मी दिवसभर स्वतःच्या उत्तरावर खूश होतो. लोकांना वाटतं तर वाटो, मला काय त्याचं, असं म्हणायचो. ते खरं नव्हतं, पण लोक परके होते तोवर चाललं.

आम्ही राहतो खराडीत, मुलाच्या फ्लॅटमध्ये. मुलगा आणि सून दोघंही तिथल्याच आयटी कंपन्यांत आहेत. नात सहा वर्षांची. रोज सकाळी तिला स्कूटरवर शाळेत सोडून मी तसाच पुढे दुकानात जायचो. ती माझ्यापुढे उभी राहायची, हँडलच्या मध्ये, छोटं हेल्मेट घालून, आणि सगळ्या रस्ताभर मला शाळेतल्या भानगडी सांगायची. दिवसभरात मला माणसासारखं वाटायचं ते त्या पंधरा-वीस मिनिटांत. तिला माझ्या नाकाचं काहीच नव्हतं. तिने जन्मल्यापासून तेच पाहिलेलं.

एका रविवारी सूनबाईंनी सांगितलं, "बाबा, उद्यापासून तिला व्हॅन लावलीय. ट्रॅफिक खूप वाढलंय ना, तुमची दगदग नको." मला वाईट वाटलं, पण खराडीचं ट्रॅफिक खरंच वाढलेलं आहे, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. नात दोन दिवस रडली. मग व्हॅनमध्ये तिला मैत्रिणी मिळाल्या. मी सकाळी एकटा स्कूटर काढायला लागलो.

त्याच आठवड्यात एकदा आंघोळ करून बाहेर आलो, तर मुलगा स्वयंपाकघरात ओट्याशी उभा होता. माझी दुकानात न्यायची स्टीलची पाण्याची बाटली त्याच्या हातात होती. झाकण उघडलेलं, आणि तो ती हुंगत होता.

मला पाहून त्याने झाकण लावलं. धुवायला घेत होतो म्हणाला. या मुलाने जन्मात स्वतःचा चमचा कधी विसळलेला नाही.

मी तिथेच खाली बसलो, ओट्याशेजारच्या स्टुलावर. संतापायला हवं होतं, पण संताप येईना. मुलाने बाटली खाली ठेवली आणि हळूहळू सगळं बोलून टाकलं. शाळेच्या गेटवर दोन-तीन पालकांनी सुनेला गाठलं होतं. तुमचे सासरे सकाळी सकाळी थोडी घेऊन येतात का, मुलगी पुढे उभी असते म्हणून विचारतो, असं. सोसायटीतल्या कुणी तरी मला वाइन शॉपमधून बाहेर पडताना पाहिलेलं होतं.

मी म्हटलं, अरे, तुझ्या आजोबांच्या पानासाठी आणतो ती. तुला लहानपणापासून माहीत आहे.

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण पेल्यात दोन घोट जातात, बाबा. उरलेली बाटली कुठे जाते?"

मोरीत, असं मी म्हणालो. खरं बोलतानाही माणसाचं तोंड किती खोटं दिसू शकतं, हे मला त्या दिवशी समजलं. मुलगा खाली बघत होता. मग म्हणाला, की आजोबा प्यायचे हे तुम्हीच आम्हाला सांगत आलात, रक्तात असतं म्हणून जपा म्हणायचात, मग मी काय समजायचं? ते मी खरंच सांगत आलो होतो. तो कॉलेजला गेला तेव्हा, नोकरीला लागला तेव्हा, ऑफिसच्या पार्टीला पहिल्यांदा गेला तेव्हा. आपल्या घराला एकदा ठेच लागलीय, असं म्हणून. आणि आता माझाच मुलगा मला हुंगत होता.

बायकोने हे सगळं हॉलमधून ऐकलं होतं. ती आत आली. मला म्हणाली, "अहो, कपडे घाला. कातडीच्या डॉक्टरकडे जायचं आपण. आणि हा पण येईल." इतकी वर्षं ती डॉक्टरकडे चला म्हणत होती आणि मी सब्जा खात होतो. त्या दिवशी नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

डॉक्टर चाळिशीतल्या बाई होत्या. त्यांनी भिंगाचा दिवा माझ्या नाकाजवळ आणला, गाल पाहिले, पापण्यांच्या कडा पाहिल्या. उन्हात जळजळतं का, गरम खाल्लं-प्यायलं की लाल होतं का, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का, हे सगळं विचारलं. सगळ्याला हो. दारू पिता का, याची मी वाट पाहत होतो, पण त्यांनी ते बराच वेळ विचारलंच नाही. शेवटी मीच म्हणालो, की मी घेत नाही हं. त्या म्हणाल्या, "बरं. घेत असतात तरी हा आजार काही त्याने झाला नसता."

मुलगा माझ्या शेजारी बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्यांनी नाव सांगितलं, रोझेशिया. चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या फुलतात, लाली येते, फोड येतात. काहींच्यात, विशेषतः पुरुषांच्यात, फार वर्षं दुर्लक्ष झालं तर कातडी जाड व्हायला लागते, तेलाच्या ग्रंथी सुजत राहतात आणि नाक असं वाढतं. काहींची लाली दारूने भडकते, तशी चहाने, तिखटाने, उन्हानेही भडकते. जे एक घोटही घेत नाहीत त्यांचीही नाकं अशी होतात. वाफारा ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. ट्यूब पिशवीतून काढून दाखवली तर त्यांनी ती माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतली. त्यात स्टेरॉइड होतं. लाली दाबल्यासारखी दिसत होती आणि आजार आतून वाढत होता. आता औषधाने लाली आणि सूज आटोक्यात येईल, पण जी कातडी जाड झालीय ती गोळ्यांनी बसणार नाही, ती पुढे छोट्या शस्त्रक्रियेने तासून घेता येईल, असं त्या म्हणाल्या. चेहरा पेटला की थंड पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा, घासू नका.

मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, की घरात आणखी कुणाला आहे का असं? बऱ्याचदा घराण्यात असतं.

मी म्हणालो, की नाही, म्हणजे माझ्या वडिलांचं नाक असंच होतं, पण ते दारूमुळे.

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं. सगळ्यांनी, असं म्हणणार होतो. दवाखान्यातला एसी चालू होता, बाहेर कुणी तरी नंबर पुकारत होतं. बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं की मी घामाने भिजलो होतो.

खाली गाडीपाशी मुलाने माझा हात धरला. "सॉरी, बाबा. उद्यापासून तिला तुम्हीच सोडा." त्याचे डोळे भरले होते. आदल्या दिवशी त्याने हे म्हटलं असतं तर मी उड्या मारल्या असत्या. त्या क्षणी मी नुसती मान हलवली. माझ्यावरचा आळ पुसला गेला होता, कारण माझी बाजू सांगायला मी जिवंत होतो, आणि मला डॉक्टरकडे नेणारी बायको होती. माझ्या डोक्यात दुसराच माणूस फिरत होता.

वडिलांची मला आठवण आहे ती थोडी. आई मी वर्षाचा असताना गेली. वडील कॅम्पातल्या एका बेकरीत कामाला होते. मला त्यांनी हिंजवडीला आत्याच्या घरी ठेवलं होतं, आणि आठवड्याच्या सुट्टीला सकाळी ते सायकलवर यायचे. आले की माझ्या हातात खारीचा पुडा द्यायचे आणि पडवीत आडवे व्हायचे. संध्याकाळपर्यंत झोप. आम्ही पोरं खेळताना ओरडलो की आत्या म्हणायची, गप बसा, उतरू द्या त्याची. मी चौथीत होतो तेव्हा असेच येताना ते वाकडच्या अलीकडे पुलावरून सायकलसकट ओढ्यात पडले आणि गेले. पिऊन पडला, असं गाव म्हणालं. मीही तेच म्हणत मोठा झालो. त्यांचा फोटो भिंतीवर कधी लागला नाही. दारुड्याचा फोटो देवाशेजारी कशाला, असं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता मी हिंजवडीला गेलो. आत्याच्या घरची भातखाचरं होती तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि तिच्या मुलांनी राहत्या जागेवर चार मजले चढवून नोकरीवाल्या पोरांना खोल्या दिल्या आहेत. आत्या खालच्या मजल्यावर, खिडकीशी पलंगावर बसलेली असते. समोरून कंपन्यांच्या बसेस जातात, त्या बघत. वय ऐंशीच्या पुढे, कान थोडे कमी, बाकी खणखणीत. माझं नाक पाहून तीही गेली काही वर्षं गप्प होती. आता लक्षात येतं की का.

मी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. दारूचा संबंध नाही, हे दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "मग बरं झालं की लेका. माझा जीव निस्ता टांगनीला लागला व्हता. म्हनलं, ह्यो पन बापाच्या वाटंनं गेला."

मग मी विचारलं, की आत्या, तू त्यांना पिताना पाहिलंस कधी?

"त्याला? न्हाय."

दुसऱ्या कुणी पाहिलं होतं? घरात, गावात, बाटली तरी कुणाला सापडली होती?

"अरं, बगायला कशाला पायजे? दिसत व्हतं की. नाक ह्ये एवढं. डोळं लालभडक. सायकलीवरनं उतरला की झोकांड्या जायाच्या. आन् अंगाला वास, आंबूस. मी त्याची कापडं धुयाची, मला ठावं हाय."

मी डोळे मिटले. मला तो वास आठवत होता. वडिलांच्या सदऱ्याला तो असायचा, मी त्यांच्या कुशीत शिरायचो तेव्हा यायचा. दारूचा वास म्हणजे हाच, असं मी धरून चाललो होतो. पण इतकी वर्षं मी स्वतः बाटली उघडत होतो, पेल्यात ओतत होतो, आणि त्या दारूचा वास कधीही तसा आला नव्हता. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. तो वास मला दुसरीकडे कुठे आला असेल तर एका बेकरीच्या मागच्या दारी, वायरिंगच्या कामाला गेलो होतो तेव्हा. परातीत पावाचं पीठ आंबायला ठेवलेलं होतं.

मी आत्याला म्हणालो, "आत्या, पाव सकाळी लागतो, म्हणून ते रात्रभर बेकरीत पीठ मळायचे. आंबवलेलं पीठ. तो वास त्याचा होता. डोळे लाल होते ते याच आजाराने, माझेही होतात. भट्टीच्या धगीने चेहरा पेटत असणार. आणि झोकांड्या झोपेच्या होत्या. रात्रपाळी करून सायकल मारत कॅम्पातून इथवर यायचे ते."

आत्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. खिडकीबाहेर बस थांबली, पोरं चढली, बस गेली. तिचे ओठ हलत होते. मग तिने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायला सांगितली. लुगड्यांच्या तळाशी फोटो होता, कडा पिवळ्या पडलेला. मी तो उजेडाकडे धरला. माझंच तोंड होतं. तेच सुजलेलं नाक, तीच एका बाजूची गाठ. वय माझ्यापेक्षा कितीतरी कमी. फोटोवरून मेलेल्या माणसाचा आजार कुणी ठरवू शकणार नाही, हे मला कळतं. पण तो फोटो मी पेटीत परत ठेवला नाही.

"मी त्याची बहीन," आत्या म्हणाली. "म्या बी इचारलं न्हाय त्याला."

मला तिचा राग आला होता. रस्ताभर आला होता, आणि तिला खडसावून विचारायचं असं ठरवूनच मी आलो होतो. पण ती पलंगाच्या कडेला इतकीशी होऊन बसली होती, आणि पेल्याची रीत तिने मायेने घातली होती. भावाचा जीव अडकू नये म्हणून, स्वतःच्या हाताने, तोंडाला पदर लावून, ती दर वर्षी कुणाकडून तरी दारू मागवून आणायची.

"मग एवढी वरसं," ती म्हणाली आणि थांबली. तिने पदर डोळ्यांना लावला नाही. "एवढी वरसं म्या काय ठेवलं रं त्याच्या म्होरं?"

मी विचारलं, की त्यांना आवडायचं काय? खायला, प्यायला. तिने खूप वेळ आठवलं. तिला काही सांगता येईना. आला की झोपायचा, म्हणाली, उठला की भाकरी खाऊन निघायचा, काय आवडतं ते कधी बोलला न्हाय. त्यांची एक आवड आम्हाला सगळ्यांना पाठ होती आणि ती त्यांची नव्हती. दुसरं कुणी काही लक्षात ठेवलंच नव्हतं. मी निघायला उठलो तेव्हा तिने मागून हाक मारली. एक गोष्ट तो मागायचा, म्हणाली. पडवीत पडल्यावर दर खेपेला मागायचा. मी समजायची, नशा चढलीय म्हणून मागतोय.

या वर्षी तिथीला मुलाने आत्याला गाडीने खराडीला आणलं. मी वाइन शॉपवरून स्कूटर नेली, थांबलो नाही. माझं नाक अजून मोठंच आहे, शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करायची ठरलीय. लाली मात्र बरीच उतरली आहे. फोटो मोठा करून, फ्रेम लावून मी हॉलच्या भिंतीवर लावला आहे. शाळेच्या गेटवरचे ते पालक हल्ली माझ्याकडे पाहून हसतात. मी हसत नाही.

बायकोने आणि सुनेने पान वाढलं. भात, कढी, वडे, अळूची भाजी, खीर. पानाच्या कडेला खारी ठेवली. मुलगा पान घेऊन गच्चीत आला. ऊन रणरणत होतं. पेल्याच्या जागी आत्याने पितळेची वाटी मागून घेतली, तीत माठातलं गार पाणी ओतलं, धुतलेल्या मऊ सुती फडक्याची घडी भिजवली, पिळली आणि पानाशेजारी ठेवली. वडील पडवीत तेच मागायचे. तोंडावर टाकायला ओलं फडकं. इतकंच.

आम्ही कठड्याच्या सावलीत कावळ्याची वाट पाहत उभे राहिलो. खराडीत कावळे कमी झालेत, वेळ लागतो. फडकं उन्हाने वाळायला लागलं तसं मी जाऊन ते पुन्हा भिजवलं. नातीला कंटाळा आला होता. ती पानाभोवती उड्या मारत मोठमोठ्याने विचारायला लागली, की पणजोबांना ताप आलाय का, त्यांना ओलं फडकं कशाला.

आत्याने तिला जवळ ओढलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, बाळा," ती म्हणाली. "रातपाळी करून आलाय त्यो."